घाबरणाऱ्या मुलीसाठी घोडा बघायला जायचंय, नेमकं काय तपासू? (कोल्हापूर)

रंकाळावेस
नमस्कार मंडळी. माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मुलीसाठी घोडा घ्यायचा चाललाय. "तू लहानपणापासून घोड्यांत वाढलीस, तूच बघून सांग," असं म्हणत नवरा-बायको दोघंही माझ्या मागे लागलेत. मुलगी ११ वर्षांची, वजन जेमतेम ३२ किलो. शिकत असताना घोडा उधळला, ती पडली, मनगट मोडलं. हाड जुळलं, भीती तशीच राहिली. पण सोडायला तयार नाही. खरारा करते, चारा घालते, घोड्याच्या मानेला मिठी मारून उभी राहते. रिकिबीत पाय घालायची वेळ आली की मात्र ओठ पांढरे पडतात.

दोन जनावरं समोर आहेत. एक नुकरा (पांढराशुभ्र) घोडा, ५ वर्षांचा, वरातीतला, नाचाची शिकवण झालेला. दिसायला देखणा, मुलीच्या बाबांचा त्याच्यावर जीव जडलाय. दुसरी कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी, कागलकडची, मालक १२ वर्षांची सांगतात, उंची ५७ इंच. मालकांची मुलं तिच्यावर शिकली, आता ती बाहेरगावी असतात आणि घोडी दावणीला उभी असते.

मला बसता येतं, घोडा थोडाफार कळतो. पण स्वतःसाठी पारखणं वेगळं आणि भ्यालेल्या लेकरासाठी पारखणं वेगळं. जाणत्यांनी सांगा, काय बघू आणि कसं बघू? आणि मैत्रिणीच्या नवऱ्याचं मन न मोडता त्यांना काय सांगू?

जुना_मोतद्दार
ताई, आधी नुकऱ्याचं बोलतो. नाचाच्या घोड्याला काय शिकवलेलं असतं? लगाम आवळला आणि वर टाच लागली की पुढचं अंग उचलायचं, जागच्या जागी ठेका धरायचा. आता भ्यालेलं पोर वर बसल्यावर काय करतं? नेमकं तेच! हातानं लगाम ओढतं आणि पायानं पोट आवळतं. पोरगी म्हणणार थांब, घोडा समजणार नाच. तो जितका नाचंल तितकी ती आवळंल. ह्यात घोड्याचा काय बी दोष न्हाई, त्याला शिकवलंय ते तो इमानानं करतोय.

आपल्या कोल्हापुरात घोडा म्हटलं की डोळ्यासमोर कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा येतो. मागच्या दोन पायांवर झेपावलेला घोडा. बघूनच अंगावर काटा येतो, खरं हाय. पण लेकराचा घोडा चारी पाय जमिनीवर ठेवणारा पायजे. बाबांना हे तोंडानं सांगून पटायचं न्हाई. त्यांना घेऊन जावा आणि मालकाला म्हणावं, लगाम सैल सोडून सरळ रेषेत नुसता कदम (साधी चाल) चालवून दाखवा. बस्स, एवढंच.

पंचगंगा_तालीम
मला वेगळं वाटतं. भीती घालवायची तर थोडा तेज घोडाच द्यावा. आम्हाला लहानपणी घाटावरून पंचगंगेत ढकलून दिलं, दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि पोहायला आलं. मुलांना फार जपलं की ती आणखी भित्री होतात.

सादळे_मादळे
तालीमदादा, पाणी घाबरत नाही. घोडा घाबरतो. फरक तिथेच आहे.

मी मुलांना घोडेस्वारी शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घोडा मुळात भक्ष्य होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. शंका आली की आधी पळायचं, मग बघायचं, ही त्याची जात. वर बसलेल्याचा श्वास अडकला, मांड्या ताठ झाल्या, की त्याला पाठीतून कळतं. त्याला वाटतं, वरच्याला काहीतरी दिसलंय. तेज, हलक्या तोंडाचा (लगामाच्या जराशा इशाऱ्यालाही दाद देणारा) घोडा अशा वेळी मुलाच्या भीतीत स्वतःची भर घालतो. दोघं एकमेकांना चढवत नेतात आणि शेवटी पोर जमिनीवर येतं. शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडचीही हीच अडचण. स्वस्तात मिळतात, मनाने चांगलेही असतात, पण लगाम ताणला की त्यावर भार टाकून वेग घ्यायचा, हेच त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. त्यांना नव्याने शिकवायला जाणता स्वार लागतो, शिकाऊ मूल नव्हे.

ताई, तुमचा खरा प्रश्न आता. "अजिबात बुजत नाही" असं कुणी म्हणालं तर ते कानाआड करा. न बुजणारा घोडा जगात नाही. बघायचं ते बुजल्यानंतरचं. दचकला, आणि मग काय केलं? फिरून पळाला? उडी मारून बाजूला गेला आणि पुढचा अर्धा तास फुरफुरत राहिला? की जागीच थबकला, कान टवकारून बघितलं, श्वास सोडला आणि मान खाली घेऊन चालू लागला? हा शेवटचा घोडा तुमचा. त्या दोन-तीन क्षणांसाठी तुम्ही तिथे जाताय असं समजा. रंग, उंची, चाल सगळं त्यानंतर.

आणि ते क्षण घडवून आणावे लागतात. कोल्हापुरात त्याला तोटा नाही. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून शेजारून जाऊ द्या. म्हशींचा कळप समोरून येऊ द्या. फाटक्या सायलेन्सरची मोटारसायकल तर कुठेही मिळेल. आधी मालक वर असताना, मग तुम्ही वर असताना. मुलगी वर असताना मुद्दाम काहीही करू नका.

खूरवैद्य
पशुवैद्यक आहे, त्यामुळे माझा भाग लिहितो.

सांगितलेल्या वेळेच्या जरा आधी पोहोचा. घोडा थंड असताना, दावणीला उभा असतानाच बघायला हवा. छातीवर आणि तंगाखालच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याखालच्या) जागेवर हात फिरवा. घाम वाळल्याच्या पांढुरक्या खुणा असतील तर सकाळीच पळवून दमवलेला असू शकतो. दुसरी शक्यता शांत करणाऱ्या इंजेक्शनची. खालचा ओठ लोंबतोय, मान फार खाली, पापण्या जड, नर असेल तर इंद्रिय बाहेर सैल लोंबतंय, आवाजाला कान हलत नाहीत, अशी लक्षणं दिसली तर त्या दिवशी काहीच ठरवू नका. पुन्हा न सांगता जा. निरोगी घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. दुखण्यात नाडी वाढते.

तोंड उघडून बघा. ओठांच्या कोपऱ्यात कडक झालेली कातडी किंवा जुने व्रण म्हणजे कडक लगाम वर्षानुवर्षं ओढलाय. वरातीच्या घोड्यांना काटेरी लगाम घालतात. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार त्याला बंदी आहे, तरी सर्रास दिसतो. नुकऱ्याच्या तोंडातली कडी स्वतः हातात घेऊन बघा. काट्यांच्या भीतीने थांबणारा घोडा साध्या लगामावर थांबेलच असं नाही, आणि ११ वर्षांच्या मुलीच्या हातात काटेरी लगाम द्यायचा प्रश्नच येत नाही.

वय दातांवरून ताडता येतं. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपासून एक तपकिरी रेघ साधारण १० व्या वर्षी दिसू लागते, १५ च्या सुमारास निम्म्यावर येते, २० पर्यंत पूर्ण दात व्यापते. घोडी खरोखर १२ ची असेल तर रेघ नुकती उतरायला लागलेली दिसेल. १२ हे वय ऐकून मैत्रीण बिचकली असेल तर तिला सांगा, शिकाऊ मुलासाठी हे उत्तम वय. नीट निगा राखलेला घोडा २५ वर्षं सहज जगतो. पाच वर्षांचा घोडा आणि भ्यालेलं मूल ही जोडी मी तरी टाळायला सांगेन, जात कुठलीही असो.

मग कडक जमिनीवर, दोरी सैल ठेवून, सरळ दुडकी पळवायला लावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उडते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. अंग चोरलं, कान मागे पाडले, तर पाठ किंवा खोगीर यात गोम आहे. खांद्यावरच्या उंचवट्यापाशी पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे खोगिराच्या जुन्या जखमा. आपल्या पावसाळ्यात चिखलात उभं राहून खुराची पुतळी (तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग) सडते, म्हणून चारी खूर उचलून वासही घ्या. खूर उचलू देतो का, हा स्वभावाचाही मोठा दाखला आहे.

वजनाची काळजी नको. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं असं धरतात. ३२ किलोची मुलगी ५७ इंची घोडीला जाणवणारसुद्धा नाही.

अकलूजचा_बाजार
सगळ्यांनी छान लिहिलंय, पण शुभ-अशुभ लक्षणांचं कुणीच बोललं नाही. गळ्याला देवमण (शुभ मानलेला भोवरा) आहे का, केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत, काही खोड तर नाही ना, हे बघितल्याशिवाय आमच्याकडे दाव्याला हात लावत नाहीत. अकलूजचा घोडेबाजार असो, सारंगखेड्याचा असो, पहिला प्रश्न हाच. पंचकल्याण (चारी पाय आणि कपाळ पांढरं) असेल तर उत्तमच.

जुना_मोतद्दार
दादा, भोवरे बघा की, कोण नको म्हणतंय. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक तेच विचारणार, त्यामुळं किमतीसाठी ते बघावंच लागतंय. पण देवमण असलेला घोडा पोराला पाडत न्हाई, असं मी माझ्या डोळ्यांनी तरी बघितलेलं न्हाई. पोरासाठी मी तीनच गोष्टी बघतो: चढताना दगडासारखा उभा राहतो का, पागेपासनं लांब जाताना अडतो का, आणि परत येताना घराकडं ओढ घेतो का. निम्मी पोरं परतीच्या वाटेवरच पडत्यात.

आणखी एक. मालक सोता बसून दाखवत नसंल, "पोरगीलाच बसवा, लई गरीब हाय" म्हणत असंल, तर पोरीला घेऊन सरळ घरला यायचं.

आईची_जागा
मी घोड्यांतली नाही, पण माझा मुलगा असाच पडून घाबरला होता, म्हणून लिहिते.

मुलीला पहिल्या भेटीला नेऊच नका. आवडला आणि तुम्ही नको म्हणालात तर वाईट वाटतं. नाही आवडला आणि सगळे हो म्हणाले तर ती गप्प बसते. आधी तुम्ही बघून या. पसंत पडला तरच तिला न्या, आणि नेताना स्पष्ट सांगा की आज बसायचंच असं काही नाही. आमच्याकडे ठरलं होतं की मुलाने "पाणी पाहिजे" म्हटलं की लगेच उतरवायचं, कारण विचारायचं नाही. परक्या लोकांसमोर "मला भीती वाटते" हे म्हणणं मुलांना फार जड जातं. सोबत आजी, मामा, शेजारी असा लवाजमा नको. आणि बाबांनी "घाबरू नको" म्हणायचं नाही. त्याने भीती जात नाही, फक्त ती लपवायला शिकतात.

पंचगंगा_तालीम
आईची_जागा, हे वाचून मी थोडा थांबलो. माझा भाऊ त्याच घाटावर ढकलला गेला होता आणि तो अजून पाण्यात उतरत नाही. तेज घोड्याचं म्हणणं मागे घेतो.

रंकाळावेस
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मैत्रिणीच्या नवऱ्याला घेऊन नुकरा बघून आले.

घोडा खरोखर राजबिंडा आहे आणि मालकही सरळ माणूस. काहीही लपवलं नाही. मोतद्दारकाकांनी सांगितलं तसं त्यांना सैल लगामावर सरळ चालवायला सांगितलं. चार पावलं नीट गेली, मग त्याने मान आखडली, पुढचे पाय गुडघ्यात उचलायला लागला, तिरका तिरका सरकत नाचूच लागला. मालक कौतुकाने म्हणाले, "बघा, न सांगता करतोय!" मी बाबांकडे बघितलं, ते घोड्याच्या तोंडाकडे बघत होते. उतरल्यावर त्यांनी स्वतःहून लगामाची कडी हातात मागितली. आतल्या बाजूचे काटे त्यांनी बोटाने चाचपले आणि कडी परत दिली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "वहिनी, कागलची घोडी कधी बघायची?" मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

सादळे_मादळे
मैत्रीत असंच करावं. निकाल आपण द्यायचा नाही, त्यांना जे दिसायला हवं ते समोर आणून ठेवायचं. घोडा त्यांच्या घरी राहणार आहे, तर हो किंवा नाही हे त्यांचंच असलं पाहिजे.

घोडी आहे म्हणून एक सुचवतो. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं आणि काही घोड्या त्या दिवसांत चिडचिड करतात. म्हणून आठवड्याच्या अंतराने दोनदा तरी बघा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी खुराकाच्या वेळेला.

रंकाळावेस
घोडी दोनदा बघून झाली. दुसऱ्या खेपेला मुलगीही होती. जरा लांबण लावते, कारण जे बघितलं ते नीट सांगायचंय.

पहिल्या खेपेला मी आणि मैत्रीणच. घोडी थंड, छाती कोरडी, कान आमच्याकडे. मोहरकी (तोंडावरची दोरी) मीच घातली, चारी खूर उचलू दिले. उजव्या मागच्या खुराला थोडा वास आहे, ते वैद्यांना दाखवायचंय. मालकांचा मोठा भाऊ वर बसला, मग मी. पागेपासून लांब जाताना बांधाच्या वळणावर एकदा थबकली, टाच लावल्यावर निघाली. येताना चाल थोडी वाढली, पण बैठक जड केली तेवढ्यावर आटोक्यात आली. तोंड जरा जड आहे, लगामाला पटकन दाद देत नाही. माझ्यासारखीला कंटाळवाणं, त्या पोरीला नेमकं हवं तसं.

मग ट्रॅक्टर. मुद्दाम आणावा लागला नाही, हंगाम चालूच आहे. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, स्पीकरचा दणका. ट्रॉलीतून लोंबणारी उसाची पानं घोडीच्या अंगापासून हातभर अंतरावरून खरखरत गेली. माझ्या खाली तिचं सगळं अंग एकदम आखडलं, मान वर, कान पुढे, आणि पुढचा एक पाय अर्धा उचललेला. मी लगाम मुद्दाम सैलच ठेवला. ती तिथेच उभी राहिली. दुसरी ट्रॉली गेली तशी नाकातून लांब श्वास सोडला, जबडा हलवून ओठ चाटले, तो पाय खाली ठेवला आणि शेजारच्या गवताकडे मान नेली.

दुसऱ्या खेपेला मुलगी. आईची_जागा, तुमचा "पाणी पाहिजे" मी जसाच्या तसा उचलला. तिने आधी खरारा केला, बराच वेळ. मग स्वतःच म्हणाली, बसते. मालकांनी घोडी धरली, मी शेजारी. बसल्याबरोबर खांदे कानापर्यंत गेले, दोन्ही मुठींनी लगाम आणि अयाळ एकत्र पकडलं. घोडी एक पाऊल टाकून थांबली आणि मान वळवून तिच्या बुटाकडे बघत राहिली. हलली नाही. पोरगी श्वास रोखून बसली होती तोवर घोडीही तशीच उभी. मग पोरीने श्वास सोडला, खांदे खाली आले आणि घोडी आपणहून निघाली. दोरीवर पटांगणाला तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला "पाणी पाहिजे" म्हणाली, उतरवली, कुणीही काही विचारलं नाही. पाणी प्यायली आणि पुन्हा बसते म्हणाली. तेव्हा मैत्रीण तोंड फिरवून उभी होती.

जुना_मोतद्दार
ताई, डोळ्यात पाणी आणलंसा. मान वळवून बुटाकडं बघणारी घोडी म्हणजे पोरं वागवलेली घोडी. अशी लाखात मिळत न्हाई, सोडू नका.

खूरवैद्य
घोडी ऐकायला फार चांगली वाटते, तरी पैसे देण्याआधी दोन गोष्टी कराच. एक, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी. नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. हा रोग माणसालाही होतो, आणि ही मुलगी तर घोड्याच्या मानेला मिठी मारून उभी राहते. दोन, धनुर्वाताची लस, घोडीला आणि मुलीला दोघींना. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

खुराचा वास पुतळी सडल्याचा असेल. कोरडी जागा आणि रोजची सफाई, तेवढ्याने बहुतेक वेळा आटोक्यात येतं. दाखवून घ्या.

रंकाळावेस
नक्की. नमुना द्यायचं ठरलंय. मालकांशी बोलून असं ठरलं की महिनाभर घोडी भाड्याने ठेवायची, जमलं तर घ्यायची, नाही तर परत. साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेणार आहोत. दुखापत झाली तर औषधपाणी कुणाचं, हेही त्यात लिहितोय.

आता अडलंय ते ठेवायचं कुठे. मैत्रिणीच्या सासऱ्यांचं शेत प्रयाग चिखलीच्या बाजूला आहे, तिथे गोठा तयार आहे. चाराही घरचाच, उसाचं वाडं (हिरवे शेंडे) भरपूर.

सादळे_मादळे
चिखलीला उन्हाळ्यापर्यंत ठेवा, पावसाळ्यात अजिबात नको. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. पाणी चढायला लागल्यावर भ्यालेल्या घोड्याला रात्री हलवणं फार अवघड असतं. जूनच्या आधीच उंचावरची जागा ठरवून ठेवा. घोडीला तिथे दोन-तीनदा नेऊनही आणा, म्हणजे ऐनवेळी वाट अनोळखी वाटणार नाही. आमच्या डोंगराच्या बाजूला कोरडी जागा आहे, लागली तर व्यक्तिगत निरोप करा.

खूरवैद्य
नुसत्या वाड्यावर ठेवू नका. वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि घोड्याच्या हाडांना ते महागात पडतं. मुख्य चारा सुकं गवत किंवा कडबा, वाडं अगदी थोडं. आणि काम नसताना हरभऱ्याचा खुराक वाढवू नका. मुलीचे आजोबा कौतुकाने रोज पाटीभर भिजवलेले हरभरे घालतील आणि पंधरवड्यात हीच शांत घोडी उड्या मारायला लागेल. चारा बदलायचा तोही आठ-दहा दिवसांत हळूहळू. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशूळ झाला तर जिवावर बेततं.

आईची_जागा
हेल्मेटचं कुणी बोललंच नाही! घोडेस्वारीचंच घ्या. क्रिकेटचं किंवा सायकलचं त्या कामाचं नाही.

जुना_मोतद्दार
आणि टाच असलेलं बूट. चप्पल न्हाई, सपाट तळाचं स्पोर्ट शूज न्हाई. पाय रिकिबीतनं आरपार गेला की माणूस फरफटत जातंय. मालकाकडं जुनं खोगीर असंल तर रिकीब मोठ्या माणसाची असणार, पोरीच्या मापाची वेगळी करून घ्या. आणि तंग बसायच्या आधी एकदा आवळायचा, दहा पावलं चालवून पुन्हा एकदा. बऱ्याच घोड्या पहिल्यांदा पोट फुगवून घेत्यात.

रंकाळावेस
हेल्मेट आलंय. रिकिबीचं माप उद्या घेतो, तंगाचं मुलीलाच शिकवते, दोन्ही वेळा तिच्याच हातून आवळून घेईन. रक्ताचा रिपोर्ट आला की इथे लिहिते.